बाईच्या हातचा कोबा

तिला मिस्त्री म्हणायला लोकांची जीभ वळत नसे. तीस वर्षं होत आली होती थापी हातात घेऊन, अर्ध्या वस्तीच्या घरांना तिचा हात लागला होता, तरी कुणी तिला 'मिस्त्रीची बायको' म्हणे, कुणी 'ती कामाला येते ती बाई' म्हणे. शेवटी गल्लीतल्या पोराटोरांनीच तोडगा काढला आणि तिचं नाव थापीबाई पडलं. ते तिला चाललं. निदान थापी पुढे होती, बाई मागे.

नवरा मूळचा गवंडी, हाताला चोख. लग्नानंतर नऊ वर्षं ती त्याच्यामागे घमेली वाहत होती आणि वाहता वाहता बघत होती. माल किती ओला, वीट किती भिजलेली, कोपरा कसा धरायचा. कुणी तिला शिकवलं नाही, कारण घमेलंवालीला शिकवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग सिमेंटच्या धुळीनं नवऱ्याची छाती भरली. चार पायऱ्या चढला की धाप लागायची. एक दिवस भिंत अर्ध्यावर असताना तो वाळूच्या ढिगावर बसला आणि थापी तिच्याकडे धरून म्हणाला, "तू लाव." तिनं कोपरा लावला. त्यानं ओळंबा सोडून बघितला आणि काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे काय, हे तिला नऊ वर्षांत पाठ झालं होतं.

तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम दिलं ते सिस्टरनी. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, लग्न न केलेली, एकटी राहणारी, सगळी वस्ती तिला सिस्टरच म्हणायची. तिनं एक जुनी गाडी घेतली होती आणि पावसाळ्यात तिची चाकं अंगणातल्या चिखलात रुतायची. फाटकापासून गॅरेजपर्यंत काँक्रीटचा कोबा घालून घ्यायचा म्हणून तिनं तीन मिस्त्री बोलावले. तिघांनीही एकच विचारलं, "घरात पुरुषमाणूस कोण आहे बोलायला?" तिसऱ्याला तिनं फाटकाबाहेर काढलं आणि पदर खोचून थेट थापीबाईच्या दारात आली. "मला मिस्त्री पाहिजे, आणि तो माझ्याशी बोलणारा पाहिजे. करशील?"

थापीबाईनं केलं. कमरेला दोर बांधून काम करावं तसं जपून केलं. हातभर खोल खणलं, मुरूम तीन थरांत टाकला आणि प्रत्येक थर स्वतः धुमसानं ठोकून घट्ट केला. सळयांची जाळी बांधली, चार पट्टे वेगवेगळे ओतले, मध्ये सांधे ठेवले. गच्चीवरचं पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात जावं म्हणून तिसऱ्या पट्ट्याखालून पाइप टाकला. आणि चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन गोणपाटांवर पाणी मारलं. या गोष्टीला अठरा वर्षं झाली.

आता तिची लेकही याच धंद्यात होती. आईपेक्षा दोन पावलं पुढे, मोजमापाचे कागद स्वतः काढणारी. त्या वर्षी शाळेचं पटांगण पक्कं करायचं काम तिला मिळालं होतं. तोंडी सगळं ठरलं होतं, फक्त सही बाकी होती. सहीला म्हणून गेली ती तासाभरात परत आली, चप्पल न काढताच ओट्याला टेकून उभी राहिली.

"काम गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे? काल तर हो म्हणाले होते."

"हेडमास्तर म्हणाले, तुमच्या आईचं काम खचलंय म्हणे. सिस्टर त्यात अडखळून पडल्या, मनगट मोडलं. म्हणाले, मी मुलांच्या पायाखाली असली जोखीम कशी घेऊ?"

थापीबाईच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. खचलं? तिचं काम? पण पहिला प्रश्न तिनं वेगळाच विचारला. "सिस्टर पडल्या? केव्हा?"

"आठवडा झाला. आपल्याला कुणी सांगितलं नाही."

"आणि हेडमास्तरांना कुणी सांगितलं?"

"सिमेंटच्या दुकानात ऐकलं म्हणे."

ती तशीच निघाली. दुकानदार तिला बघून वजनकाट्याशी उगाच खुडबुड करायला लागला. आधी कानांवर हात ठेवले, मग इकडे बघ तिकडे बघ केलं, आणि ती हलत नाही म्हटल्यावर बोलला. सिस्टरचा भाचा दोन वर्षांपूर्वी आत्याकडे राहायला आला होता, घराचं सगळं तोच बघत होता. चार दिवसांपूर्वी पेव्हर ब्लॉकची चौकशी करायला आला होता. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना मोठ्यानं म्हणाला, 'बाईच्या हातचं काम, खचणार नाही तर काय?'

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? गिऱ्हाईक आहे ते."

"मीसुद्धा वीस वर्षं गिऱ्हाईक आहे तुमची."

दुकानदार खाली बघत म्हणाला, "उद्या ब्रेकर मशीन लावून फोडणार आहेत. सगळाच्या सगळा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम वाईट झालं असतं तर तिनं मान खाली घातली असती. धंद्यात चुका होतात, तिच्याही झाल्या होत्या, एकदा तर तिनं स्वतःच्या पदरच्या मालानं आख्खी भिंत पाडून परत बांधली होती. पण बघायला बोलावलं नाही, विचारलं नाही, आणि चारचौघांत निकाल दिला! आणि निकाल तरी कशाचा? कामाचा नाही, बाईचा. पुरुषाचा कोबा खचला की जमीन वाईट, सिमेंट भेसळीचं, पाऊस फार झाला. बाईचा खचला की बाई वाईट. आणि त्याचा वार तिच्यावरही नाही, लेकीच्या पोटावर.

लेकीला बरोबर घेऊन ती सिस्टरच्या घरी पोचली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती फाटक. जुनं लोखंडी फाटक गेलं होतं. त्या जागी बटण दाबलं की आपोआप सरकणारं नवं फाटक होतं. दुसरी गोष्ट दिसली तो कोबा. तिसरा पट्टा एका अंगाला चार बोटं खाली बसला होता आणि दुसऱ्या पट्ट्याची कड वर राहून ठेच लागेल असा उंबरा तयार झाला होता. ती गुडघ्यावर बसली आणि पट्टाभर हात फिरवला. कुठे तडा नाही. केसाएवढीसुद्धा चीर नाही. आख्खाच्या आख्खा पट्टा ताटासारखा तिरपा झाला होता.

"बघ," ती लेकीला म्हणाली. "काँक्रीट खचलेलं नाही. खालची जमीन गेलीय."

"कोण आहे?" भाचा बाहेर आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. "अच्छा, तू का? उशीर केलास. उद्या फोडतोय आम्ही."

'तू' ऐकून लेक पुढे सरकली. थापीबाईनं तिच्या दंडाला धरून मागे घेतलं.

"फोडा की. घर तुमचं. पण का खचला ते तर बघू द्या आधी."

"का म्हणजे काय? काम कच्चं होतं."

"सोळा वर्षं कच्चं नव्हतं, आणि दोन वर्षांत कच्चं झालं?"

"मला वाद घालायचा नाही. मी त्यातल्या जाणकार माणसाला विचारलंय. फाटक बसवलं त्यानंच सांगितलं, भराव नीट ठोकलेला नाही म्हणून."

तेवढ्यात दारात सिस्टर उभी राहिली. मनगट प्लास्टरमध्ये, हात गळ्यात अडकवलेला, बाकी ताठ. "आलीस एकदाची. मी याला शंभरदा म्हटलं, तिला बोलाव, तिला बोलाव. हा म्हणे तिचा फोन लागत नाही."

"माझा नंबर चौदा वर्षं तोच आहे, सिस्टर."

सिस्टरनं भाच्याकडे बघितलं. भाचा फोनमध्ये बघायला लागला.

"आत्या, तू आत बस. तुला त्रास होईल."

"मनगट मोडलंय, डोकं नाही. घर अजून माझ्या नावावर आहे. तिला काय बघायचं ते बघू दे." आणि सिस्टर व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसली ती उठलीच नाही.

थापीबाईला आतून खूण पटली होती, पण खूण पटून भागत नाही. डोळ्यांना दिसेल असं दाखवावं लागतं, त्यातून बाईला तर दुप्पट. तिनं हातोडीनं पट्टा ठोकून बघितला. गॅरेजकडून ठक ठक असा भरीव आवाज आला, फाटकाच्या बाजूला आल्यावर तोच आवाज रिकाम्या डब्यासारखा झाला. मग फरशीच्या सिमेंटमध्ये घालतात तो लाल रंग तिनं दोन बादल्या पाण्यात कालवला. लेकीला रस्त्याकडेच्या गटारापाशी उभं केलं, जिथे पाइपाचं तोंड बाहेर निघत होतं, आणि स्वतः गच्चीवर जाऊन दोन्ही बादल्या पन्हाळीत ओतल्या.

"आलं का गं?" ती वरून ओरडली.

"नाही!"

आणखी दोन बादल्या ओतल्या. चार बादल्या लाल पाणी गच्चीवरून खाली गेलं आणि गटारात थेंब आला नाही.

"म्हणजे पाइप तुंबलाय," भाचा म्हणाला. "पाइपही तूच टाकला होतास ना?"

ती रिकाम्या बादल्या घेऊन वळली. खाली आली, पहार घेतली आणि पट्ट्याच्या कडेला, फाटकाच्या बाजूनं, खणायला लागली. वीतभर माती निघाली, मग माती लाल झाली. दोन वीत खाली गेल्यावर पहार एकदम आत गेली, जशी कुणी खालून ओढून घेतली. थापीबाई पालथी झोपली आणि आत हात घातला. दंड गेला, खांदा टेकला, तरी हाताला तळ लागेना. पट्ट्याखाली नुसती पोकळी होती. तिनं ठोकून बसवलेला मुरूम पाण्याबरोबर वाहून गेला होता.

"टॉर्च दे."

लेकीनं टॉर्च धरला. आत तिचाच पाइप दिसत होता, करड्या रंगाचा, अठरा वर्षांपूर्वी तिनं उतार देऊन टाकलेला. आणि त्याच्या बरोबर पोटातून, एका बाजूनं घुसून दुसऱ्या बाजूनं निघालेली, नव्या फाटकाच्या मोटारीची वायर घेऊन जाणारी काळी नळी होती. पाइपाला कटरनं सरळ दोन काप दिले होते, मधून नळी घातली होती आणि वरून विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबून माती लोटली होती.

ती उठून बसली. कोपरापर्यंत हात लाल झाला होता.

"या, साहेब. वाका जरा. शर्टाला माती लागेल, लागू द्या."

भाचा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"हे..." तो म्हणाला, "हे आधीपासून असेल."

"आधीपासून? ही वायर मी अठरा वर्षांपूर्वी टाकली होती काय? तेव्हा हे फाटक होतं?" तिचा आवाज आता चढला होता आणि तिनं तो चढू दिला. "दोन पावसाळे आख्ख्या गच्चीचं पाणी या भोकातून माझ्या कोब्याखाली ओतलंत तुम्ही. खालची सगळी जमीन वाहून गेली तरी माझी ही काँक्रीटची लादी तुटली नाही, तुमच्या गाडीचं वजन घेऊन अधांतरी उभी राहिली. खाली बसली ती हळूहळू बसली, एकदम कोसळली असती तर सिस्टरचं नुसत्या मनगटावर भागलं नसतं! आणि ज्यानं हे केलं त्यालाच तुम्ही विचारलंत, का खचलं म्हणून? चोराला विचारलंत घर कुणी फोडलं?"

भाच्यानं फाटकवाल्याला फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तो म्हणत होता की आम्ही खणलं तेव्हा पाइप फुटलेलाच होता.

"विचारा त्याला, फुटलेला पाइप कटरनं कापल्यासारखा सरळ फुटतो का," थापीबाई म्हणाली. "आणि फुटका दिसला होता तर सांगितलं का नाही?"

पलीकडून फोनच बंद झाला.

भाच्यानं फोन खिशात टाकला आणि हात झटकले. "ठीक आहे. झालं ते झालं. आता काय करायचं ते सांगा."

'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "झालं ते झालं म्हणजे? तुमचं झालं. माझ्या लेकीचं काम गेलं ते? तुम्ही दुकानात सहा माणसांसमोर बोललात, ते त्या सहा माणसांना जाऊन सांगणार आहात का चुकलं म्हणून?"

"हो, हो. सांगेन."

"फोडायचं नाही," व्हरांड्यातून सिस्टर म्हणाली. "उचलता येईल?"

"येईल, सिस्टर. चांगली लादी आहे. फोडण्याच्या लायकीची नाही."

दुसऱ्या दिवशी ब्रेकर मशीन आल्या पावली परत गेलं. थापीबाईनं ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून ट्रकचे दोन जॅक आणले. नवरा म्हणाला, मीही येतो. ती म्हणाली, तिथे धूळ आहे. तो म्हणाला, तोंडाला फडकं बांधीन, आणि आला. एका खुर्चीत बसून त्यानं पाण्याच्या नळीचं एक टोक धरलं. पारदर्शक नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं आलं की लादी समपातळीत आली असं समजायचं. या कामाला छाती लागत नाही, नजर लागते, आणि ती त्याची शाबूत होती.

आधी पाइपाचा फुटका तुकडा कापून नवा जोडला आणि वायरची नळी वेगळ्या वाटेनं, पाइपाच्या वरून नेली. गच्चीवरून पाणी सोडून ते गटारातच पडतंय याची खात्री केली. मग पट्ट्याच्या खचलेल्या कडेला दोन खड्डे खणले, तळाशी जाड लोखंडी पत्रे ठेवले, त्यांच्यावर जॅक बसवले. लादीला ड्रिलनं सहा भोकं पाडली. आई एका जॅकवर, लेक दुसऱ्यावर.

"अर्धा फेरा," थापीबाई म्हणायची. दोघी अर्धा फेरा द्यायच्या. "थांब." नवरा नळीकडे बघून बोट वर करायचा किंवा खाली. "पुन्हा अर्धा."

घाई केली असती तर लादी फुटली असती. एक बोट वर यायला पाऊण तास गेला. कुंपणाशी शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणालं, नवीन घालणं सोपं नसतं का पडलं? थापीबाईनं वळूनही बघितलं नाही. दुपार कलता कलता एक कुरकुर झाली आणि तिसऱ्या पट्ट्याची कड दुसऱ्याच्या कडेला येऊन भिडली. नवऱ्यानं नळी खाली ठेवली आणि काहीच बोलला नाही.

मग हातपंपानं भोकांतून सिमेंट आणि बारीक वाळूची पातळ स्लरी आत सोडायला सुरुवात झाली. एका भोकातून सोडायची, शेजारच्या भोकातून वर आली की ते बंद करून पुढच्यावर जायचं. अकरा पोती सिमेंट त्या पोकळीनं गिळलं. संध्याकाळी थापीबाईनं भोकं बुजवली, त्यावर थापी फिरवली आणि म्हणाली, "सात दिवस गाडी आणायची नाही. जॅक तोपर्यंत काढायचे नाहीत."

भाच्यानं विचारलं, "आणि परत खचला तर?"

"तर मला बोलवा. या वेळी फोन लागेल."

सिस्टर मोठ्यानं हसली आणि मग हात दुखला म्हणून विव्हळली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण माणसं तशी सरळ नसतात. आठवड्यानं थापीबाई जॅक काढून दुकानात गेली तर दुकानदार हसत हसत म्हणाला, "ऐकलं का, सिस्टरच्या भाच्यानं काय डोकं लढवलं! लाल पाणी ओतून पाइपाची चूक शोधून काढली म्हणे. पोरगा हुशार आहे."

थापीबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "शोधून काढली? त्यानं? तो गच्चीवर चढला होता?"

"तो म्हणाला तसं..."

"आणि 'बाईच्या हातचं काम' म्हणाला होता, ते चुकलं असं म्हणाला का?"

"ते... ते काही निघालं नाही बोलण्यात."

ती घरी आली आणि अर्धा तास भांडी आदळत होती. लेक म्हणाली, "आई, सोड ना. लादी वर आली, सगळ्यांनी बघितली."

"बघितली, आणि बघून काय समजले? की भाचा हुशार आहे! तीस वर्षांत माझं एक काम असं नाही जे मी केलं असं पहिल्या दमात कुणी मानलं. चुकलं की माझं, जमलं की दुसऱ्याचं."

"अगं, श्वास घे जरा," नवरा पलंगावरून म्हणाला.

"तुम्ही घ्या. मला वेळ नाही."

तिनं सिस्टरला फोन केला आणि काय ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. नंतर कळलं की फोन ठेवून सिस्टरनं आधी चपला घातल्या. प्लास्टरमधला हात घेऊन ती पायी सिमेंटच्या दुकानात गेली, गिऱ्हाइकं असतानाच गेली, आणि इस्पितळाच्या वॉर्डात वापरायचा तो आवाज काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, वायर, कटर, पिशव्या, भाच्यासकट. तिथून ती शाळेत गेली आणि हेडमास्तरांसमोर बसून तेच पुन्हा सांगितलं.

पटांगणाचं काम परत आलं नाही. ते दुसऱ्याला देऊन झालं होतं, कागद झाले होते. हेडमास्तरांनी लेकीला बोलावून चहा दिला, वाईट वाटलं म्हणाले, पुढच्या वेळी नक्की म्हणाले. लेकीनं चहा प्यायला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी ऐकण्याआधी बघायला या, सर."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा थापीबाई म्हणाली, "बरं केलंस. चहा कशाला प्यायलास पण?"

सिस्टरच्या समोरच्या घरातल्या बाई त्या दिवशी कुंपणाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांच्या गॅरेजपुढची फरशीही एका बाजूला बसत चालली होती. त्यांचा निरोप आला, मिस्त्रीणबाईंना पाठवा. थापीबाईनं निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं, काय म्हणाल्या? मिस्त्रीण म्हणाल्या? नक्की? मग तिनं हातोडी पिशवीत टाकली, लेकीला हाक मारली आणि निघता निघता नवऱ्याला म्हणाली, "त्या भाच्याला मी अजून माफ केलेलं नाही, बरं का."

"कुणी सांगितलंय करायला?" तो म्हणाला.